चांदी नावाचा बैल

पोळ्याच्या आदल्या दिवशी नत्थुजींनी सत्यभामेला पारापाशी बोलावून सांगितलं, "सूनबाई, उद्या तुयी जोडी तोरणात आणू नको."

नत्थुजी गावनात्यानं तिचे सासरे आणि पोळ्याला सगळ्या जोड्या ज्याखाली उभ्या राहतात त्या तोरणाचे मानकरी. त्यांनी तोरण तोडल्याशिवाय तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात पोळा फुटत नाही, जोड्या घरी सुटत नाहीत.

"कावून जी, मामाजी?"

"एक तं तू बाई. अन् तुया जोडीत गाय."

खोटं नव्हतं. उन्हाळ्यात तिचा एक बैल साप चावून मेला. त्याच आठवड्यात नवरा डोमाजी गोठ्याच्या छपरावरून पडला आणि पाय मोडून बसला. मग तिनं उरलेल्या बैलाशेजारी चांदी गाय जुंपली आणि पेरणीपासून पिकातलं तण काढायच्या शेवटच्या डवरणीपर्यंत औत स्वतः हाकलं. डोमाजी घरी भाकरी थापायला शिकला. सुरुवातीला त्याच्या भाकरीला कोपरे येत.

"चांदीच्या मानेवर घट्टा पडला, मामाजी. बैलाइतकंच ओढलं तिनं. मंग मान कावून नाई? तिचा मान भेटल्याबिगर मी घरी जात नाई." आणि ती तिथंच मातीत बसली.

आम्ही चार जाणते पारावर जमलो. रामराव म्हणाला, "गाय जुंपणं पाप होय. सारं गाव पाहून राह्यलं होतं."

"पाहणाऱ्यालेही पाप लागते काय?" मी विचारलं.

"लागते."

खालून सत्यभामा म्हणाली, "पाहणाऱ्याचं सोडा. नागपंचमीच्या आधी मामाजींनी हेच जोडी मागून नेली होती. तूर डवराले."

नत्थुजींच्या तोंडातली सुपारी थांबली. त्यांनी ती समोरच्या उकिरड्याकडे थुंकली.

"म्या गाय नेलीच नाई," ते म्हणाले. "म्या बैल नेला होता. जो औत ओढते, तो बैल."

आम्हा सगळ्यांना हलकं वाटलं. पण रामराव सरळ रेषेत चालणारा माणूस. तो म्हणाला, "मंग जो औत हाकते, तो गडी."

सत्यभामा गडी ठरली. कोणीतरी खाली वाकून तिच्यापुढे तंबाखूची डबी धरली. तिनं चिमूट घेतली आणि विचारलं, "पण गडी तोरणात गेल्यावर घरी जोडीले ओवाळन कोण?"

आम्ही डोमाजीकडे गेलो. तो पुरण हाटत होता. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "ओवाळतो ना. पण कुंकवाची बोटं पुरणात गेली तं मले बोलू नका."

दुसऱ्या दिवशी सत्यभामा जोडी घेऊन रांगेत उभी राहिली. रामरावानं तिच्यासाठी टोपी आणली होती.

"टोपी कायले? डवरताना कोणती होती?" म्हणत तिनं ती चांदीच्या शिंगात अडकवली.

पोरं येऊन तिला रामराम करून गेली. लांब उभ्या असलेल्या बायांतून तिची शेजारीण जयवंता ओरडली, "ओ भाऊजी, पदर सांभाळा!"

झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या. डफडं वाजू लागलं. नत्थुजींनी तोरणाला हात घातला, तेवढ्यात चांदीचं वासरू दावं तोडून गर्दीतून धावत आलं. त्यानं भर तोरणाखाली बैलाच्या कासेला ढुशी दिली आणि ते चुरूचुरू प्यायला लागलं.

डफडं बंद पडलं.

"नत्थुजी," रामराव हळूच म्हणाला, "हे काय होय?"

सत्यभामेनं कासरा घट्ट धरला. तिनं नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजींनी वासराकडे पाहिलं, मग गावाकडे, मग आपल्या तुरीच्या वावराच्या दिशेनं.

"दिसत नाई काय?" ते खेकसले. "बैल पाजून राह्यला. थांबा."

सारा पोळा थांबला. सजवलेल्या जोड्या उन्हात शेपट्या हलवत उभ्या राहिल्या. वासराच्या तोंडाला फेस आला.

"किती वेळ?" मागून कोणीतरी ओरडलं.

"त्याचं पोट भरेपर्यंत," सत्यभामा म्हणाली, आणि चांदीची मान खाजवू लागली.