लपायला माणूस

ब्रूनो मोठा झाला आणि अनिताच्या घरी माणसं यायची बंद झाली.

तिची लेक अक्षदा कल्याणला एका लॅबमध्ये कामाला होती, तेव्हा मैत्रिणीकडून तिनं ते पिल्लू आणलं. जर्मन शेफर्ड. शिवणाच्या चिंध्यांच्या टोपलीत मावायचं तेव्हा. पुढे अक्षदाला हैदराबादला नोकरी लागली, तिथल्या बिल्डिंगीत कुत्रं चालत नव्हतं, म्हणून ब्रूनो माळशेज घाटाखालच्या वैशाखऱ्याच्या अलीकडच्या या गावात अनिताजवळच राहिला. बघता बघता त्याचं डोकं शिलाई मशिनच्या टेबलाला लागायला लागलं. गावात त्याला ब्रूनो कुणी म्हणत नसे. ‘अनिताचा वाघ’ म्हणत.

अनिता ब्लाउज शिवायची. नवरा वारल्यापासून घर त्यावरच चालायचं, आणि घरात आवाज असायचा तोही त्यामुळेच. माप द्यायला बाया यायच्या, माप देऊन झालं तरी उंबऱ्यावर बसून राहायच्या. शेजारची मैना तर रोजची. भाताला आधण ठेवून यायची आणि आधण आटलं असेल म्हणत पळायची. एके दिवशी मैनाची धाकटी पोर अंगणात धावत आली, ब्रूनो खेळायच्या भरात तिच्या अंगावर झेपावला, पोर पायरीवर आपटली. हात मोडला. अनितानंच रिक्षा बोलावली, मुरबाडला नेऊन प्लास्टर घालून आणलं, हात जोडून माफी मागितली. मैना भांडली नाही. नुसती यायची थांबली.

मग बाकीच्याही कुंपणावरूनच कापड द्यायला लागल्या. “जुनंच माप धर गो, अनिता.” जुन्या मापाचे ब्लाउज कुणाला घट्ट झाले, कुणाला सैल, पण आत कुणी आलं नाही. रविवारी अक्षदाचा व्हिडिओ कॉल यायचा. तीसुद्धा आधी म्हणायची, “ब्रूनो कुठाय? दाखव ना.” अनिता मोबाइल कुत्र्यासमोर धरून उभी राहायची.

असं चाललं असताना जगदीश आला. मुरबाडच्या एका गॅरेजमध्ये तो मेकॅनिक होता आणि माळशेज घाटात कुणी पडलं, हरवलं की दोर घेऊन उतरणाऱ्या स्वयंसेवकांतला एक. दोराच्या पिशवीचा पट्टा उसवला होता, जाड कापड शिवणारं मशिन अनिताकडे आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. तो कुंपणापाशी थांबला नाही, सरळ आत आला. ब्रूनोनं उठून त्याला हुंगलं. जगदीशनं खाली बसून खिशातला हातमोजा चिंध्यांच्या ढिगात खुपसला, तसा ब्रूनोनं तो काढून त्याच्या मांडीवर आणून ठेवला. तीनदा खुपसला, तीनदा काढला.

“ताई, ह्याला आमाला द्या,” जगदीश म्हणाला. “रानात हरवलेला माणूस वासानं शोधील ह्यो. दोन कुत्री तयार केलीत आमी. अशा अंगाचा एक पायजे.”

“देणार नाय,” अनिता म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की तिलाच नवल वाटलं. ज्याच्यामुळे घर ओस पडलं, त्याला न्यायला माणूस आला होता.

“मंग तुमीच शिका. कुत्र्याबरोबर त्याचं माणूस पण शिकायला लागतं.”

शिकवणं म्हणजे लपाछपीच. कुत्र्याचं आवडतं खेळणं घेऊन एकानं लपायचं. दुसऱ्यानं ‘शोध’ म्हणून कुत्र्याला सोडायचं. सापडलं की कुत्र्यानं तिथंच उभं राहून भुंकायचं, मागचं माणूस पोचेपर्यंत भुंकणं थांबवायचं नाही. मग लपलेल्यानं खेळणं द्यायचं, कौतुक करायचं. आधी गवताच्या उडवीमागे, मग शेताच्या पल्याड, मग रानात. वारा कुठून येतो ते चिमूटभर राख उडवून बघायचं. जगदीशनं सगळं सांगितलं आणि जाताना म्हणाला, “एकच लक्षात ठेवा. रोज तेच माणूस लपून चालत नाय. नवी नवी माणसं लागतात.”

अनितानं मान डोलावली. तो गेल्यावर तिनं फाटक लावलं. माणसं कुठून आणायची?

तिनं विचारून पाहिलं. कुणी हसलं, कुणी म्हणालं, वाघाच्या तोंडी जायला आमाला काय वेड लागलंय? शेवटी वरच्या ठाकूरवाडीची सकुबाई तयार झाली. मोळ्या विकायला खाली येणारी, एकटीच राहणारी म्हातारी. करवंदीच्या जाळीमागे ती गुडघे पोटाशी घेऊन बसायची, हातात अनितानं जुन्या जीनच्या कापडाची शिवलेली गुंडाळी. ब्रूनो वाऱ्यावर नाक धरून यायचा, जाळीला वळसा घालायचा आणि तिच्यासमोर उभा राहून रान डोक्यावर घ्यायचा.

“तुला भ्या नाय वाटत?” अनितानं पहिल्या दिवशी विचारलं.

“कसलं भ्या?” सकुबाई गुंडाळी त्याच्या तोंडात देत म्हणाली. “ह्या वयात कोण मला शोधत येतंय गो?”

अनिता तिच्या लुगड्याला अडकलेले काटे काढायला लागली.

सकुबाईनं आपल्या वाडीतल्या दोघीतिघींना आणलं. रविवारी जगदीशची माणसं यायची. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. अनिताच्या पोटऱ्या काट्यांनी फुटल्या, पण ब्रूनो टेकडीपल्याडचं माणूस शोधून काढायला लागला. पावसाच्या तोंडावर सकुबाई घसरून पडली आणि लेकीनं तिला शहापूरला नेलं. निघताना तिनं ब्रूनोच्या डोक्यावर हात ठेवला. अनिताला मात्र म्हणाली, “येत जा गो तिकडं.” दोघींनाही ठाऊक होतं की ते व्हायचं नाही.

आषाढात एका सकाळी जगदीशचा फोन आला. ठाण्याकडची पोरं घाटात भिजायला आली होती. आदल्या संध्याकाळी धुकं उतरलं, चौघं परत आली, पाचवा नाही. अक्षय नावाचा. फोन बंद.

दोघांना न्यायला जीप आली. ब्रूनोचं हे पहिलं खरं काम. रस्त्याच्या कडेला पोलिसांची गाडी, तिच्यामागे प्लास्टिकचा रेनकोट घातलेली एक बाई दगडावर बसलेली. पोराची आई. जगदीशनं तिला समजावलं होतं, कुत्रं भुंकलं की समजायचं, माणूस सापडलं.

दिवसभर ते धुक्यात चढत उतरत राहिले. एकदा ब्रूनो भुंकला, सगळे धावले, तर कातळाच्या आडोशाला गुरं घेऊन बसलेला गुराखी. ब्रूनोला गुंडाळी द्यावी लागली. त्याचं काम त्यानं चोख केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका ओढ्यापाशी आला. पाणी लाल, फुगलेलं. तिथं तो थांबला. नाक खाली, शेपूट खाली. काठाकाठानं गेला, परत आला, घशातल्या घशात कुंई केलं. भुंकला नाही. पाण्याकडे तोंड करून आडवा झाला.

अनितानं जगदीशकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत होता.

“ताई, तुमी ह्याला घेऊन वर जा,” तो हळू म्हणाला आणि दोर सोडायला लागला.

पाण्याखाली, दोन धोंड्यांच्या बेचक्यात पोरगा सापडला.

अनिता वर रस्त्यावर पोचली तेव्हा बातमी अजून आली नव्हती. ती बाई उठून पुढे आली. तिनं खाली बसून ब्रूनोच्या ओल्या मानेत दोन्ही हात घातले. मग वर बघून म्हणाली, “मी कान देऊन बसलेय कालपासून. मघाशी भुंकला का हो? पावसात मला ऐकू आलं नसेल.”

“नाही,” अनिता म्हणाली.

बाईनं हात काढले नाहीत. तशीच बसून राहिली. पाऊस पडत होता.

घरी आल्यावर ब्रूनो मशिनच्या मागे जाऊन पडला. भात हुंगला नाही, अंडं हुंगलं नाही. दुसरा दिवसही तसाच. ‘शोध’ म्हटलं तरी कान हलेना. अनिताही जेवली नाही. मशिनवर बसली की सुईखालच्या कापडाऐवजी तो रेनकोट दिसायचा. घडलेलं सांगावं तर कुणाला? अक्षदाला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती.

जगदीशनं मात्र फोनवर ऐकून घेतलं. “त्याला वाटतंय आपुन हारलो,” तो म्हणाला. “त्याला जितं माणूस सापडायला पायजे, ताई. आजच्या आज. आमी सगळे कामावर आहोत, कोणीतरी बघा.”

लावणीचे दिवस. अख्खं गाव चिखलात. अनिता डोक्यावर प्लास्टिक घेऊन बांधाबांधानं फिरली. “उद्या बघू गो.” “आवण लावून संपू दे.” कुणी वाईट बोललं नाही. घाटातल्या पोराची गोष्ट सगळ्यांना कळली होती, पण हात चिखलात होते. शेवटच्या खाचरात मैना वाकून रोपं लावत होती. अनितानं तिला विचारलंच नाही. बांधावरून पुढे गेली.

घरी येऊन ती पायरीवर बसली. थोड्या वेळानं कुंपणाचं फाटक वाजलं. मैना. गुडघ्यापर्यंत चिखल, कमरेला खोचलेलं लुगडं.

“कुठं बसू?” ती म्हणाली.

“तू?”

“लवकर सांग. माझं मन फिरंल.”

अनितानं जीनची गुंडाळी तिच्या हातात दिली. “वड्याच्या अल्याड घाणेरीचं बन आहे ना, त्याच्या मागं. हलू नको, पळू नको. तो भुंकला की ही टाक त्याच्यापुढं.”

“चावला तर?”

“मी मागंच आहे.”

मैना गेली. अनिता आत आली, पट्टा घातला, ब्रूनोला अक्षरशः ओढून अंगणात आणलं. “शोध,” ती म्हणाली. तो उभा राहिला. तिच्याकडे बघत राहिला, जणू ती पुन्हा त्या पाण्याकडे जायला सांगतेय. “शोध रे बाबा,” ती म्हणाली. वाऱ्याची झुळूक गावच्या ओढ्याकडून आली. ब्रूनोचं नाक वर झालं.

मग तो सुटला. खाचरांच्या बांधावरून, पाणी उडवत. लावणीच्या बाया कंबर सरळ करून बघायला लागल्या. अनिता मागे धावत होती, घसरत होती. बनामागून भुंकणं आलं. खणखणीत, एकामागून एक.

ती पोचली तेव्हा मैना दोन्ही हातांनी तोंड झाकून उकिडवी बसलेली. गुंडाळी चिखलात पडलेली. ब्रूनो हातभर अंतरावर, शेपूट हलवत, भुंकत.

“बस,” अनिता म्हणाली. तो बसला. तिनं गुंडाळी उचलून मैनाच्या हातात ठेवली. “दे त्याला. तुझ्या हातून घेऊ दे.”

मैनानं बोटांच्या फटीतून पाहिलं. मग हात लांब करून, मान फिरवून, गुंडाळी पुढे धरली. ब्रूनोनं ती अलगद घेतली आणि तिच्या पायाशी लोळण घेतली.

मैना हसली का रडली ते पावसात कळलं नाही. “केवढं भुंकतंय मेलं,” ती म्हणाली. मग तिनं विचारलं, “त्या पोराची आई होती काय गो तिथं?”

“होती.”

अनिता सांगायला लागली. रेनकोट, दगड, ओल्या मानेतले हात, तो प्रश्न. उभ्या उभ्या, पावसात, सगळं. मैनानं ऐकून घेतलं. तिनं ब्रूनोला हात लावला नाही. पण मागेही सरकली नाही.

“माझं खाचर राहिलंय,” शेवटी ती म्हणाली आणि उठली. दोन पावलं जाऊन वळली. “फुडच्या टायमाला आधी सांग. पोरीला शालेतून आणायचं असतं.”

ती बांधावरून गेली. बायांच्या रांगेत जाऊन वाकली, आणि डोक्यांवरच्या प्लास्टिकच्या कागदांमध्ये तिचा कुठला ते अनिताला लांबून ओळखू येईना. तरी ती बघत राहिली. मग ब्रूनोला घेऊन घरी आली, चूल पेटवली, दोघांचा भात टाकला. ब्रूनोनं ताट चाटून पुसून साफ केलं. अनितानंही जेवून घेतलं. बाहेर पाऊस होता, आणि रस्त्यानं कुणी येत-जात नव्हतं.