दिवे लागल्यावरचं इरजण

दिवे लागले की शालूबाई कोणाला दही लावायला इरजण देत नसे. कोणी वाटी घेऊन आलं तर दारातूनच, "सकाळी ये माय. आता घरातली बरकत जाते." अन् हे इरजण तर साधं नव्हतंच.

दुसरबीडला शुगरवाल्यांवर एक अभ्यास झाला होता. बारा आठवडे दह्याचे डबे. आत चांगले जंतू, वरून जीवनसत्त्वं घातलेली. तिचा नवरा निवृत्ती त्यात होता. तीनशे बाराची शुगर एकशे नव्वदवर आली, पायाच्या अंगठ्याची जखम सुकू लागली. मग डबे बंद. शेवटच्या डब्यातलं चमचाभर दही शालूबाईनं दुधात लावलं. तेव्हापासून आजच्यातून उद्याचं, आठ महिने. सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेली नाही. माघारी इरजण मेलं तर?

"तुह्या दह्यापाई मी पारडू होऊन राह्यलो वं," निवृत्ती मेथीच्या जुड्या बांधत म्हणायचा.

त्यानं गोळ्या कधी सोडल्या, तिला कळलं नाही. खरं म्हणजे कळलं होतं. पाकीट फळीवर भरलेलंच दिसायचं. तिनं विचारलं नाही. दही होतं ना.

जखम परत ओली झाली, मग काळी. तिनं दह्याचं मडकं बदललं.

आज संध्याकाळी अभ्यासातली नर्स अश्विनी नंतरच्या तपासणीसाठी रक्त न्यायला आली. शालूबाईनं वाटी पुढे केली.

"खाऊन पाहा ताई. तुमचंच हाय. एक दिवस मरू नाई देलं."

अश्विनीचा चमचा थांबला. "काकू, जीवनसत्त्वं कंपनीत घालत होते, ती इरजणातून उतरत नाहीत. ते जंतूही चार-दोनदा लावलं की मागं पडतात, घरचेच वाढतात. हे साधं दही आहे आता."

"मंग शुगर उतरली होती ते?"

"काकांच्या गोळ्या चालू होत्या ना तेव्हा."

शालूबाईनं फळीकडे बघितलं नाही.

अश्विनीनं निवृत्तीचा पायमोजा काढला अन् तोंड फिरवलं. "सकाळची वाट पाहू नका. गाडी सांगा, आत्ताच देऊळगाव राजाला दवाखान्यात न्या."

"बोट काढतीन?"

"बोटावर भागलं तर नशीब, काका."

"चला," निवृत्ती हसला, "एक चप्पल वाचली."



गाडीची वाट बघत शालूबाईनं देवापुढे दिवा लावला. तेवढ्यात शेजारची जनकाबाई वाटी घेऊन दारात. तिच्याही नवऱ्याला शुगर. "दिवे लागले, माहीत हाय मले. सकाळीच येतो. सांगून ठेवाव म्हटलं."

शालूबाईनं मडकंच उचलून तिच्या हातात दिलं.

"सारं? आत्ता? अवं, बरकत जाईन ना!"

"ते आता कशाले थांबते वं. ने. कढी कर त्याची. अन् तुह्या माणसाले गोळ्या सोडू देऊ नको."

जनकाबाई मडकं पदराखाली धरून गेली.

चुलीजवळ दूध कोमट झालं होतं. शालूबाईनं सवयीनं बोट बुडवलं. अगदी लावण्यासारखं. बोट दुधातच ठेवून ती उभी राहिली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.