दहा मिनिटे पुढे

मित्रांनो, मी एक जुने भिंतीवरचे घड्याळ आहे आणि मला माणसांची किळस येते. आत्मकथेची सुरुवात अशी करू नये म्हणतात, पण मला गोड बोलणे जमत नाही.

अक्रोडाच्या लाकडाची पेटी, पितळी लंबक, असा माझा थाट होता. इंग्लंडच्या यॉर्कशर भागातल्या आमच्या गिरणीच्या गावात, रेल्वे स्टेशनावर, माझी उमेदीची वर्षे गेली. गार्ड मला पाहून आपली घड्याळे लावत. पुढे तिथे नवे घड्याळ आले आणि मी समोरच्या पबमध्ये विकले गेले. मालकीण हिल्डाने मला टांगले आणि लगेच काटे दहा मिनिटे पुढे सरकवले. इथली ही रीतच आहे. पब वेळेत बंद झाला नाही तर परवाना जातो, आणि गिऱ्हाईक उठता उठत नाही. पण गावाला ते ठाऊक असल्याने जो तो मनात दहा मिनिटे वजा करतो. मग मला खोटे बोलायला लावून काय मिळवले? वर बिअरचे शिंतोडे आणि सिगारेटींचा धूर.

यांचा एक लाडका शब्द आहे, 'ऐन वेळी पोचलो'. आगीतून मूल बाहेर काढणाऱ्याने तो वापरावा. इथे बंद होता होता शेवटचा ग्लास मिळाला की वापरतात. शिसारी येते.

विल्फ त्यातला पट्टीचा. मुलीच्या लग्नावरून भांडण झाल्यापासून त्याचे तिच्याशी, मॉरीनशी, बोलणे बंद होते. ती समोरच्या स्टेशनावरून कायमची कॅनडाला निघाली, त्या दुपारी हा समेट करायला निघाला आणि धीर यावा म्हणून आधी इथे शिरला.

"विल्फ, गाडी चुकेल हं," हिल्डा म्हणाली.

"तुझं घड्याळ पुढे आहे, मला नको शिकवूस. जन्मभर ऐन वेळीच पोचत आलोय मी. भर अजून एक."

त्याच सकाळी घड्याळजीने मला साफ करून काटे बरोबर लावले होते. ते पुढे करायचे हिल्डा विसरली होती. किती वर्षांनी मी खरे बोलत होते, आणि विल्फने त्यातूनही दहा मिनिटे वजा केली.

समोर शिट्टी झाली. तो ग्लास टाकून धावला. परत आला तेव्हा दारातच उभा राहिला.

"गाडीच्या खिडकीतून स्टेशनच्या फाटकाकडे बघत होती गं, धावताना लांबून दिसली," तो म्हणाला. "मी फाटकात पोचलो, तोवर डबा पुढे गेला होता."

"मेलं घड्याळच वाईट," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले. हिल्डाने माझे काटे पुढे केले.

मित्रांनो, घड्याळ पुसत जा, त्याला तेल देत जा, आणि त्याला खरे बोलू द्या. रुसलेल्या माणसाकडे जायचे असेल तर ऐन वेळी जाऊ नका.

विल्फ अजून येतो. माझ्याकडे पाठ करून बसतो. दुपारच्या गाडीची शिट्टी झाली की ग्लास खाली ठेवून उठून उभा राहतो.