पन्नासबाई

दातांच्या डॉक्टरांना लागणारं सामान विकायचा त्याचा धंदा होता. कवळ्यांचं प्लॅस्टर, ड्रिलच्या सुया, पेशंटच्या गळ्यात अडकवायचे कागदी रुमाल असं सगळं डिकीत भरून तो दिवसभर शहर पालथं घालायचा. पण त्याची खरी कीर्ती वेगळीच होती. वेग पकडणारा कॅमेरा कुठल्या खांबावर आहे, त्याचं तोंड कुठे आहे, तो चालू आहे की नुसताच टांगलाय, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. म्हणून त्याला सगळे रडार म्हणायचे. मोबाइलवर त्याने गाडीवाल्यांचा एक ग्रुप काढला होता. नवा कॅमेरा लागला की त्याची खबर तिथे आधी यायची आणि वर्तमानपत्रात मागाहून.

त्याचा रोजचा रस्ता नदीकाठचा. एका बाजूला दगडी कठडा, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा दुभाजक, आणि मधे एका वेळी एकच गाडी जाईल एवढी जागा. मोटरसायकल बाजूने घुसवायची म्हटली तरी आरसा गमावायची तयारी हवी. वेगाची मर्यादा पन्नास. रंगाच्या कारखान्यासमोर करड्या खांबावर कॅमेरा.

तिथला सकाळचा देखावा बघण्यासारखा असे. गाड्या ऐंशीने यायच्या, कारखान्याचं फाटक दिसलं की करकचून ब्रेक मारायच्या, हेडमास्तरांच्या खोलीवरून जावं तशा मान खाली घालून खांबाखालून जायच्या आणि पुढच्या वळणावर पुन्हा ऐंशी. मोटरसायकलवाल्यांच्या तऱ्हा आणखी निराळ्या. कुणी नंबरची पाटी अशी वाकवलेली, की ती फक्त पक्ष्यांना वाचता यावी. व्यायामशाळेत शिकवणारा एक पैलवान होता, तो पाटीवर घामाचा टॉवेल वाळत घालायचा. एक जोडपं यायचं. खांब जवळ आला की मागे बसलेली बायको हात मागे नेऊन पर्सने नंबर झाके. त्यांच्या संसारात न सांगता होणारं तेवढं एकच काम होतं, असं तो नवराच सांगायचा.

एकूण कुणाची काही तक्रार नव्हती. कधीतरी एखादा नवखा सापडे, दंड भरे आणि ग्रुपमध्ये दाखल होई.

अशा वेळी रडारच्या सासूबाई गाडी शिकल्या.

सासूबाई हॉस्पिटलच्या औषधाच्या खिडकीवर होत्या. सगळा जन्म त्यांनी गोळ्या मोजण्यात आणि चिठ्ठ्या वाचण्यात घालवला होता. डॉक्टरांनी अर्धी लिहिली तर अर्धीच. पाऊण का नाही, असं विचारणाऱ्याला त्या चष्म्यावरून नुसत्या बघायच्या. सासरे गेल्यावर त्यांची फिकट हिरवी गाडी आवरणाखाली पडून होती. ती विकावी असं लेकीने सुचवलं, तेव्हा सासूबाईंनी काही न बोलता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथल्या शिक्षकाने पुढे सांगितलं, की या बाईंना मला शिकवावं लागलं नाही, त्यांनी मलाच दोनदा पट्टा लावायला लावला.

परवाना हातात आला आणि त्या रोज सकाळी नदीकाठच्या रस्त्याने कामावर जाऊ लागल्या. पाटीवर पन्नास लिहिलेलं होतं, म्हणून पन्नास. त्यांच्या लेखी तो डोस होता. कमी दिला तर गुण नाही, जास्त दिला तर अपाय.

आठवडाभरात ग्रुपवर बोंबाबोंब सुरू झाली. कुठलीशी हिरवी गाडी ऐन गर्दीच्या वेळी रस्ता अडवते, हॉर्न वाजवला तर ढिम्म हलत नाही, उलट हॉर्न बंद हो‌ईपर्यंत ब्रेकवर पाय ठेवते, असं एका बँकेच्या कॅशियरने लिहिलं. पैलवानाने फोटो टाकला. फोटोत मागची काच, त्यातून दिसणारा नीटनेटका अंबाडा आणि सीटवर लटकवलेली रडारच्याच बायकोने विणलेली पिशवी. रडारने फोटो पाहिला आणि मूग गिळून बसला. कुणीतरी त्या गाडीला पन्नासबाई असं नाव ठेवलं आणि त्या दिवसापासून कॅमेऱ्याच्या खबरा मागे पडून पन्नासबाईंच्या खबरा येऊ लागल्या. पन्नासबाई घरून निघाल्या, पन्नासबाई पुलावर आहेत, आज पन्नासबाईंना सुट्टी, मजा करा. सुट्टीची खबर बहुधा रडार द्यायचा. एवढं अचूक त्याला कसं कळतं, याचं सगळ्यांना कौतुक वाटे.

शेवटी कॅशियर, पैलवान आणि आणखी दोघे-तिघे मिळून ट्रॅफिकच्या साहेबांकडे गेले. बोलका म्हणून रडारला पुढे घातलं. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण होतं, पण ते सांगायची सोय नव्हती.

तक्रार ऐकून साहेब हाकलून देतील, अशी रडारची आशा होती. झालं उलटंच. साहेबांनी सगळ्यांना बसवून घेतलं, दार लोटलं आणि स्वतःचंच दुःख सांगायला सुरुवात केली. तो कॅमेरा म्हणजे त्यांच्या ऑफिसची शान होती. पण गेल्या काही दिवसांपासून सकाळभर एकही गाडी त्यात सापडत नव्हती. वरून विचारणा झाली. तंत्रज्ञ येऊन शिडी लावून बघून गेला, कॅमेरा ठणठणीत होता. रस्त्यावरची शंभर माणसं शिस्तीने जातात यावर वरचे साहेब विश्वास ठेवायला तयार नव्हते, आणि खरं सांगायचं तर खालचेही नव्हते.

"या बाईंना काही करता येईल का?" कॅशियरने विचारलं.

साहेबांचं कायद्याचं पुस्तक आधीच उलटंपालटं करून झालं होतं. मर्यादेत गाडी चालवण्याबद्दल त्यात शिक्षा नव्हती. ही त्रुटी आपण वर कळवली आहे, असं ते म्हणाले. तोवर घरी जाऊन विनंती करण्यापलीकडे मार्ग नव्हता.

म्हणून एका रविवारी संध्याकाळी साहेब, कॅशियर आणि पैलवान फिकट हिरव्या गाडीच्या मालकिणीच्या दारात उभे राहिले. बरोबर रडारही होता. जिन्यात त्याने पोट दुखत असल्याचं सांगून पाहिलं, पण पैलवानाने त्याला खांद्याला धरून वर आणलं. दार रडारच्या बायकोने उघडलं. ती आईकडे आली होती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या गणवेशाकडे, आणि विचारलं, की आता काय केलंत.

ही आपली सासू आहे हे त्याला तिथे सांगावंच लागलं. पैलवानाने खांद्यावरचा हात काढून घेतला.

सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. साहेब फार गोड बोलले. तुमचं वय, तुमची शिस्त, आम्हाला आदरच आहे वगैरे. फक्त थोडं आधी निघता आलं, किंवा लोकांच्या कलाने जरासं पुढेमागे करता आलं, तर सगळ्यांचीच सोय होईल.

"जरासं म्हणजे किती?" सासूबाईंनी विचारलं.

साहेबांनी कॅशियरकडे पाहिलं. कॅशियर म्हणाला, सत्तर तरी.

"मग पाटीवर सत्तर लिहा, मी सत्तरने जाईन. मला काय. मी पाटी वाचते."

पाटी बदलायची तर समिती नेमावी लागते, असं साहेबांनी समजावून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, नेमा, मी थांबते. मग त्या जावयाकडे वळल्या. "आणि तुमचं काय म्हणणं आहे?"

माझं काही म्हणणं नाही, मी यांना घर दाखवायला आलो होतो, असं तो म्हणाला. परतीच्या वाटेवर जिन्यात त्याच्याशी कुणी बोललं नाही. घरी गेल्यावर बायकोही बोलली नाही, ती पुढे बरेच दिवस.

साहेबांनी आपल्या परीने तोडगा काढला. जिथे कुणी सापडत नाही तिथे कॅमेरा ठेवून उपयोग काय, असं म्हणून त्यांनी तो खांबासकट उपटला आणि हॉस्पिटलच्या रस्त्यावर नेऊन लावला. तिथे मर्यादा तीसची. नदीकाठच्या रस्त्यावर आता कॅमेरा नव्हता, फक्त सासूबाई होत्या, आणि त्या पूर्वीसारख्याच पन्नासने जात होत्या.

त्याच सुमारास सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू काढला. विश्रांती संपली, डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं आणि त्या पुन्हा कामावर रुजू झाल्या. पहिल्याच दिवशी परत येताना मागच्या चाकात हवा कमी वाटली, म्हणून त्यांनी संध्याकाळी जावयाला गाडी दाखवून आणायला सांगितली. बिघडलेलं काहीतरी सुधारायची संधी म्हणून तो लगेच निघाला. चाकात खिळा होता. तो काढून पंक्चर जोडून तो हॉस्पिटलच्या रस्त्याने परत आला. रस्ता मोकळा होता, आणि इतके दिवस त्या हिरव्या गाडीच्या मागे कुढत काढल्यावर तिच्यात स्वतः बसायला मिळालं होतं. तिचं इंजिन बरंच दमदार आहे, हे त्याच्या तिथे लक्षात आलं. नव्या खांबाची नोंद ग्रुपवर त्यानेच केली होती. पण खांब दिसला तेव्हा मागे पडला होता.

तीन दिवसांनी बायकोच्या मोबाइलवर दंडाची सूचना आली. गाडीच्या कागदांवर मोबाइल नंबर तिचाच दिलेला होता. फोटोत हिरव्या गाडीची मागची बाजू आणि नंबर, बाकी काही नाही. त्या रात्री दोघं सासूबाईंकडे जेवायला होती, तिथे टेबलाशी तिने ते आईला वाचून दाखवलं. हॉस्पिटलचा रस्ता, तारीख अमुक, वेग बावन्न.

सासूबाईंनी फोन मागितला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग परत दिला.

"ऑपरेशननंतर त्याच दिवशी मी पहिल्यांदा गेले होते," त्या म्हणाल्या. "मला काट्यावर तीसच दिसत होते."

त्यापुढे त्या जेवल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि गाडीची किल्ली आणून लेकीसमोर ठेवली. काट्यावर तीस दिसताना गाडी बावन्नने जात असेल, तर आपण खिडकीवर बसून लोकांना कुठल्या गोळ्या देतो आहोत, हाच प्रश्न त्यांना पडला होता. सोमवारी राजीनामा देते, असं त्यांनी सांगितलं. लेकीने खूप समजावलं. ऑपरेशन चांगलं झालंय, डॉक्टर म्हणाले ना. पण त्या मान हलवत राहिल्या.

रडारने फोन हातात घेतला. खाली बारीक अक्षरात वेळ होती, संध्याकाळची. ती बायकोने वाचली नव्हती.

तेवढ्यात त्याचाच फोन वाजू लागला. बातमी साहेबांकडून कॅशियरला आणि कॅशियरकडून ग्रुपवर गेली होती. पन्नासबाई सापडल्या. पैलवानाने नाचणारी चित्रं पाठवली. जिन्यातल्या दिवसापासून ज्यांनी त्याला वाळीत टाकलं होतं त्यांनीही अभिनंदन केलं, जणू त्यानेच काही युक्ती लढवली होती. आता रस्ता मोकळा होणार होता, नदीकाठी कॅमेराही नव्हता. त्यासाठी त्याने करायचं काहीच नव्हतं. गप्प बसायचं होतं.

तो दोन दिवस गप्प बसला. शनिवारी सकाळी नदीकाठचा रस्ता खरोखरच मोकळा मिळाला. ऐंशीने गेला. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना अजून उघडायचा होता, म्हणून बंद दारासमोर पायरीवर बसून राहिला. तिथून तो सासूबाईंकडे गेला. त्या टेबलाशी बसून एका डोळ्यावर हात ठेवून औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचत होत्या, मग दुसऱ्या डोळ्यावर. लेबल त्यांना पाठ होतं, त्यामुळे परीक्षेचा काही उपयोग होत नव्हता.

"आई, ती गाडी मी चालवत होतो," तो म्हणाला. "पंक्चर काढून येताना. वेळ संध्याकाळची आहे."

त्यांनी बाटली खाली ठेवली. रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"म्हणजे मला तीस दिसत होते ते तीसच होते," त्या म्हणाल्या.

"तीसच."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. मग, हे तुम्हाला गुरुवारीच माहीत होतं का, असं विचारलं. त्याने हो म्हटलं. त्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, पाऊण गोळी मागणाऱ्याकडे बघायच्या तसं.

ट्रॅफिकच्या ऑफिसात साहेब दंड त्याच्या नावावर घ्यायला मुळीच राजी नव्हते. बाईंचा वेग बावन्न, अशी नोंद वर जाऊन पोचली होती आणि वरचे खूश होते. तुम्ही घरचे आहात, भावनेच्या भरात बोलताय, उद्या या, असं ते म्हणाले. रडार उद्या गेला, परवाही गेला. पंक्चरवाल्याला बरोबर घेऊन गेला. खोटं बोलून दंड टाळणारे साहेबांनी खूप पाहिले होते. खरं बोलून दंड मागणाऱ्यासाठी त्यांच्याकडे खिडकीच नव्हती. शेवटी कंटाळून त्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं.

ग्रुपवरून त्याला काढून टाकलं. तो ग्रुप त्यानेच काढला होता, पण काढणाऱ्याला काढता येऊ नये अशी काही तरतूद त्यात नव्हती. बायको हळूहळू बोलायला लागली, आधी फक्त भाजीपुरतं. सासूबाईंनी राजीनामा दिला नाही. पुढच्या सोमवारी सकाळीही त्या हिरवी गाडी घेऊन पुलावर आल्या आणि नेहमीसारखी रांग त्यांच्या मागे लागली. दुसऱ्याच नंबरवर रडार होता. मागून कॅशियर हॉर्न देत होता, आणि हा हॉर्न आता आपल्यासाठीही आहे, हे रडारला आरशात स्पष्ट दिसत होतं.