सेनापतीचा शेवटचा आदेश

दादा मुद्दाम सकाळीच मजकूर सांगायला बसतो. जेवायच्या वेळेपर्यंत माझं मौन असतं, आणि मौनातली बहीण मध्ये बोलत नाही, हे त्याच्या सोयीचं. दृष्टी गेल्यापासून तो सांगतो, मी टाइप करते. अंतराळातल्या फौजेवरच्या त्याच्या कादंबऱ्यांची लोक वाट बघत असतात. हा शेवटचा भाग. आता दोघंही थकलोय. तो लढून, मी ऐकून.

त्या सकाळी कादंबरीतलं युद्ध संपलं होतं. लोकांनी निवडलेली सभा सेनापतीला म्हणत होती, अधिकार परत करा. दादाने घसा खाकरला.

"लिही. सेनापती म्हणाला, युद्ध संपलं, आदेश संपलेला नाही. यापुढे निवडणुका होणार नाहीत. सगळ्या यानांना कळवा."

माझी बोटं थांबली. कळांचा आवाज बंद पडला की दादाला लगेच समजतं.

"काय गं?"

मी हात मांडीवर घेतले.

"अहो, त्यांचं मौन आहे," वहिनी आतून म्हणाली.

"तोंडाचं ना? बोटांचं कधीपासून?"

वहिनी हसली. मला मात्र कोपऱ्यावरचा फळवाला दिसत होता. त्याची गाडी यांनी आखलेल्या रेषेबाहेर उभी होती म्हणून आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याने चार मित्रांना घेऊन ती उलथवली. सगळ्यांच्या शर्टांवर दादाच्या कादंबरीतल्या फौजेचा बिल्ला. आता त्यांना रहिवाशांची समिती मोडून कारभार स्वतःकडे घ्यायचा होता. सेनापती काय करतो, तेवढं एकदा छापून येऊ दे, म्हणत होते.

"फळवाला आठवला असेल," दादा म्हणाला. "आणि पुरात मला खुर्चीसकट जिन्यावरून कुणी उतरवलं? त्याच मंडळींनी. मागे कुणाला सोडायचं नाही, हे माझ्याच पुस्तकात वाचलं त्यांनी. ते नाही आठवत?"

आठवत होतं. वहिनीच्या शिवणयंत्रासाठी औषधवाला छातीभर पाण्यातून परत गेला होता.

"मी गोष्ट सांगतो. त्यातून कुणी काय उचलावं, ते..." वाक्य त्याने तसंच सोडलं. "लिही म्हणतो ना."

मी लिहिलं नाही. त्याने टेबलावर मूठ आपटली आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

ताटं मांडून वहिनी म्हणाली, "सुटलं मौन. आता बोला, वन्सं."

"दादा," मी म्हटलं, "हे मौन माझं मी घेतलंय. कुणी घ्यायला लावलं असतं, तर पहिल्याच दिवशी बोंब मारली असती."

"तू आणि बोंब." त्याचा घास हातातच राहिला. "सकाळी तू थांबलीस ना, तेव्हा गोष्टीचं काही वाटलं नाही मला. हुकूम मोडला, याचाच राग आला. नोकरीभर फौजेच्या कोठारात चादरी मोजल्या, हुकूम कुणाला दिला नाही. आणि इथे बहिणीवर..."

हात धुऊन तो परत खुर्चीत बसला.

"लिही. संदेशयंत्रावर बसलेली बाई सेनापतीचा तो आदेश पाठवत नाही. बोलतही नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहते. मग बाकीचे एकेक करत तिच्यामागे येऊन उभे राहतात."

"पुढे?"

"पुढे सेनापती अधिकार सोडतो. दमलाय तो. मीही."

संध्याकाळी औषधवाला दादाच्या डोळ्यांत थेंब टाकायला आला. रोज येतो, वहिनीचे हात थरथरतात आणि माझा थेंब गालावर पडतो. एका डोळ्यात टाकून झाल्यावर त्याने विचारलं, "काका, शेवटी सेनापतीच राहतो ना? सगळे विचारताहेत."

"नाही रे. पायउतार होतो."

बाटली हवेत थांबली. "कोण करतं त्याला पायउतार?"

"एक बाई. काही न करता."

औषधवाला माझ्याकडे बघत राहिला. मी नजर खाली वळवली नाही. मनात देवाचं नाव चालू होतं. दादाचा दुसरा डोळा तसाच उघडा, वर लागलेला.

औषधवाल्याने त्याच्यातही थेंब टाकला, अगदी नेमका.

"मिटा," तो म्हणाला.

दादाने डोळे मिटले.