थर्मनचा उजवा हात

"घट्ट होतंय का?" संघाचा ट्रेनर डॉब्रॉस्कीने विचारलं.

थर्मनने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. पाहिलं म्हणूनच त्याला कळलं, की ट्रेनरने चारही बोटं गुंडाळून संपवलीत आणि आता पट्टी अंगठ्याभोवती फिरते आहे.

"नाही. बरोबर आहे."

"काल पण बरोबर, परवा पण बरोबर. तुझं कधी काही बिघडतच नाही, म्हाताऱ्या."

"चांगल्या घरचा आहे मी. कुरकुर करायची सवय नाही."

डॉब्रॉस्की हसला, पण हात सोडला नाही. "काही सांगायचं असेल तर आत्ता सांग. मैदानावर आडवा झालास तर उचलायला सहा माणसं लागतील."

"आठ लागतील," म्हणत थर्मन टेबलावरून उतरला आणि टेबलाने सुटकेचा निःश्वास टाकला.

थर्मन ग्रिग्ज तेहतीस वर्षांचा होता. इतर कुठल्याही धंद्यात या वयाला कोणी म्हातारा म्हणत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या बचावफळीत मात्र म्हणतात, आणि तेही तोंडावर. त्याचं काम सांगायला सोपं होतं. समोरच्या संघाचा सेंटर चेंडूवर वाकून बसतो, त्याच्या नाकासमोर वाकायचं, आणि दोन-दोन धिप्पाड माणसांनी रेटलं तरी जागचं हलायचं नाही. हा हलला नाही, की मागचे पळते गडी येऊन चेंडूवाल्याला लोळवत आणि त्यांची नावं होत. मिसिसिपीतल्या त्याच्या आईला टीव्हीवर मुलगा कधी सापडत नसे. ढिगाऱ्याच्या अगदी तळाशी जो दिसतोय ना, तो आपला, असं सुनेने तिला शिकवून ठेवलं होतं.

जुलैत सराव सुरू झाला तेव्हा एका धडकेत मानेतून बोटांपर्यंत विजेचा लोळ गेला आणि हात मेल्यासारखा झाला. थोड्या वेळाने परत आला. पुढच्या धडकेला जास्त वेळ लागला. या आठवड्यात मात्र बोटं गेली ती गेलीच. थर्मनने अवाक्षर काढलं नाही. पण काल सकाळी लोरेटाने, त्याच्या बायकोने, त्याच्या तळहातावर गाडीच्या किल्ल्या ठेवल्या आणि त्या फरशीवर पडल्या. खळ्ळ आवाज झाला तेव्हा त्याला समजलं.

"हाताला काय झालंय?"

"सामना होऊ दे, मग सांगतो."

"म्हणजे टीम ठरल्यावर."

"हो."

"आणि मान मोडल्यावर कोण सांगणार? मीच ना? तुझ्या आईला फोन मीच करायचा ना?"

त्याने डाव्या हाताने किल्ल्या उचलल्या. आजचा हा सरावाच्या हंगामातला शेवटचा सामना. निकालाला कवडीची किंमत नाही. पण तो संपला की निम्म्याच्या आसपास माणसांना घरी पाठवतात. बचावफळीच्या मधोमध जागा एकच उरली होती आणि माणसं दोन: थर्मन आणि टायरिस. टायरिस बावीस वर्षांचा, तरणाबांड, आणि वर स्वभावाने इतका गोड, की त्याचा धड रागही करता येत नव्हता.

थर्मन मैदानात उतरला, तर समोर चेंडूवर ऑगी क्लोस्टर. चार वर्षं दोघं एकाच संघात होते. रोज सकाळी सरावाला एकमेकांच्या उरावर बसत आणि संध्याकाळी एकाच ताटातल्या भाजलेल्या बरगड्या संपवत. पुढे ऑगी दुसऱ्या संघात गेला आणि तिथे त्याचं बस्तान बसलं.

"अजून जिवंत आहेस?" ऑगी दात काढून म्हणाला.

"तुला गाडल्याशिवाय कसा मरेन?"

थर्मन वाकला आणि डावा हात जमिनीला टेकवला. जन्मभर उजवा टेकवत आला होता. प्रेक्षकांना, टीव्हीवाल्यांना, खुद्द आपल्या कोचला यातलं काही दिसणार नाही याची त्याला खात्री होती. पण ऑगीचं हसणं थांबलं. समोरच्याची बोटं वाचायची विद्या त्याला थर्मननेच तर शिकवली होती. भार बोटांवर असेल, नखं पांढरी पडली असतील, तर गडी अंगावर येणार. बोटं सैल असतील तर मागे सरकणार.

चेंडू हलला. ऑगी आणि त्याच्या शेजारचा, दोघंही एकदम आदळले. थर्मनने डाव्या हाताने ऑगीची छाती धरली. उजवा नुसता हवेत राहिला. तो तीन पावलं मागे रेटला गेला आणि ढिगाऱ्याखाली सापडला. मानेतून लोळ गेला. डोळ्यांसमोर पांढरं झालं. वरची माणसं एकेक करून उठेपर्यंत तो पाय हलतात का ते बघत होता. डावा हलला. उजवाही हलला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मैदानात भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

"ऊठ, ग्रिग्ज! झोपायला आलास का?" बाहेरून कोच मॅकनीली खेकसले. टायरिस त्यांच्या शेजारी हेल्मेट चढवून तयारच उभा होता.

थर्मन उठला. ऑगी त्याच्या हाताकडेच बघत होता.

"हात कुठाय तुझा?" त्याने हळूच विचारलं.

"खेळ गुपचूप."

"कधीपासून?"

"ऑगी, खेळ म्हटलं ना."

ते पुन्हा वाकले. थर्मनच्या नजरेसमोर ऑगीची चेंडूवरची बोटं होती. बोटं सैल होती. म्हणजे हा मागे सरकणार, म्हणजे त्याच्या मागचा क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकणार. चेंडू हलताच थर्मनने खांदा घातला, आणि काय झालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ऑगीचा पाय घसरला, तो गुडघ्यावर आला, आणि समोर सताड दार उघडावं तशी वाट मोकळी झाली. वाटेच्या टोकाला त्यांचा कोवळा क्वार्टरबॅक चेंडू उगारून उभा होता. थर्मन सगळ्या वजनानिशी त्याच्यावर कोसळला. स्टेडियम दणाणलं. लाउडस्पीकरवर त्याचं नाव तीनदा घेतलं गेलं. मिसिसिपीत म्हातारीला आज मुलगा शोधावा लागला नसता.

तो पोरगा कण्हत उठला. दोन जणांनी त्याला धरून बाहेर नेलं.

थर्मनने वळून ऑगीकडे पाहिलं. या माणसाचा पाय त्याने बर्फातसुद्धा कधी घसरलेला पाहिला नव्हता.

"तू सोडलंस मला."

ऑगी हेल्मेटचा पट्टा उगाचच सारखा करत राहिला.

"तुमचं पोरगं मोडता मोडता राहिलं. मला जागा मिळावी म्हणून असलं केलंस?"

"जागा गेली खड्ड्यात!" ऑगी तोंड जवळ आणून म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मगाशी तू खाली पडलास, तर मला वाटलं मेलास. तुझी मान माझ्या हाताखाली मोडायला नको, थर्मन. दुसऱ्या कुणाला सांग ढकलायला. मला जमणार नाही."

थर्मन बाहेर आला. पाठीवर थापा पडत होत्या. टायरिससुद्धा "जबरदस्त, दादा!" म्हणाला, आणि मग बाकावर जाऊन गुडघ्यात मान घालून बसला. कोच मॅकनीली जवळ आले. हा माणूस हसला तर पाऊस पडेल असं पोरं म्हणत. आज तो हसत होता.

"तरणी पोरं झक मारतात तुझ्यापुढे. आता एकच फेरी खेळ, मग बस आरामात. सोमवारी भेटू."

सोमवारी भेटू, म्हणजे जागा पक्की. आता थर्मनला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहिला. दोघादोघांनी रेटलं तरी हलत नाही, एवढीच त्याची किंमत होती, आणि त्या किमतीवर त्याने घर उभं केलं होतं. आज समोरचा माणूस त्याला रेटायलाच तयार नव्हता. हरण्यापेक्षा हे वाईट होतं.

तो चालत डॉब्रॉस्कीकडे गेला, डाव्या हाताने हेल्मेट काढलं आणि त्याच्यासमोर धरलं.

डॉब्रॉस्की बघतच राहिला. डोक्याला मार लागलेल्या गड्याचं हेल्मेट ट्रेनरला हिसकावून घ्यावं लागतं, लपवून ठेवावं लागतं. नाहीतर तो नजर चुकवून पुन्हा मैदानात पळतो. आपणहून ते आणून देणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता.

"हात गेलाय," थर्मन म्हणाला. "बरेच दिवस झाले. मानेतून येतंय."

"थर्मन..."

"ठेव ते तुझ्याकडे. मी मागितलं तरी देऊ नकोस."

डॉब्रॉस्कीने त्याच्या कोपराला धरलं आणि डॉक्टरला हाक मारली. तेवढ्यात मैदानावर शिट्टी झाली. बचावफळी उठली.

"ग्रिग्ज! चल, आत!" कोच ओरडले.

थर्मनचे पाय निघाले. कोपर सुटलं. दोन पावलं गेल्यावर त्याचा डावा हात मागे आला, उघडा, हेल्मेटसाठी पसरलेला.

डॉब्रॉस्कीने हेल्मेट पाठीमागे धरलं. थर्मनचा हात तसाच पसरलेला राहिला, आणि त्याच्या बाजूने टायरिस मैदानात पळत गेला.