हॅल्वर ट्वेट मैदानात आहे

"काढ ती जर्सी," लॅथम प्रशिक्षक म्हणाले.

हॅल्वरने ती डोक्यावरून ओढून काढली आणि समोरच्या आडदांड माणसाच्या हातात दिली. तो ब्रॉडी, कोळशाच्या खाणीतला गडी. कॉलेज म्हणजे काय हे त्याने आज सकाळीच पहिल्यांदा पाहिलं होतं.

"यादीत तुझं नाव आहे, याचं नाही. म्हणून आज हा हॅल्वर ट्वेट," लॅथम म्हणाले. "यंदाही वेल्बर्न कॉलेजकडून हरलो, तर माझी नोकरी गेलीच समज."

"आणि मी?"

"तू तळघरात बस. दोन दोन ट्वेट दिसले तर सगळेच गोत्यात येऊ. संध्याकाळी अक्षराचा स्वेटर तुझा."

सामना खेळणाऱ्यालाच मिळणारं कॉलेजच्या नावाचं ते लाल अक्षर छातीवर मिरवावं म्हणून हॅल्वरने काय नाही सोसलं! सप्टेंबरपासून अमेरिकन फुटबॉलच्या पहिल्या संघाने रोज सरावात त्याला तुडवलं होतं. चेंडू काखेत मारून धावायचं आणि अकरा जणांच्या ढिगाऱ्याखाली जायचं, एवढंच त्याचं काम. दोन दात गेले, पण एकाही सामन्यात त्याला घेतलं नाही. आज घेणार म्हणून त्याने घरी कळवलंही होतं. गाई सोडून येणं जमणार नाही, असं बाबांचं उत्तर आलं होतं. तेव्हा पाहायला आपलं माणूस कोणी नव्हतं. तो तळघरात उतरला.

तिथे कोळशाची रास होती आणि जमिनीलगत एक जाळी. जाळीतून मैदानाकडे निघालेल्यांचे नुसते पाय दिसत. चकचकीत बुटांच्या गर्दीत एक जोडी आली, टाचेला घरच्या चामड्याचं ठिगळ लावलेली. शेजारी झाकणाची टोपली हेलकावत होती. ते ठिगळ बाबांनी स्वतः शिवताना हॅल्वरने पाहिलं होतं.

हॅल्वर पायऱ्या चढून दारापाशी गेला. कडी आतूनच होती. तिच्यावर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला, मग खाली येऊन बसला.

"ट्वेट! ट्वेट!" सगळं गाव ओरडत होतं. आपल्या नावाचा एवढा जयजयकार त्याने जन्मात ऐकला नव्हता, आणि त्याने जाळीकडे पाठ फिरवली. मग एकाएकी सगळं चिडीचूप झालं. ती शांतता काही केल्या संपेना. शेवटी आरोळी उठली, तेव्हा कॉलेज जिंकलं होतं.

अंधार पडल्यावर तो नवा स्वेटर घालून, बाबा परतीच्या गाडीला असतील म्हणून, धावतच स्टेशनवर गेला. बाबा बाकावर बसले होते. नोव्हेंबरची थंडी, आणि त्यांच्या अंगावर नुसता सदरा. चर्चला जायचा काळा कोट नव्हता.

"बाबा, तुम्ही येणार नव्हतात ना?"

"शेजारी म्हणाला, गाई मी बघतो. म्हटलं, पोराला एकदा पाहून येऊ."

हॅल्वर बाकाच्या टोकाशी बसला. बाबा सांगू लागले.

"सामन्याला बाजूला बसलेल्या साहेबांनी विचारलं, यातला तुमचा कोणता? मी तुला शोधत होतो. तेवढ्यात सगळे तुझं नाव घेऊन ओरडायला लागले. मग ज्याच्यासाठी ओरडत होते, त्याच्याकडे बोट दाखवलं."

गाय विकताना तिचा लंगडा पाय गिऱ्हाइकाला आधी दाखवणारा हा माणूस. हॅल्वरने मान खाली घातली.

"मग तो पडला. उठेचना. लोक म्हणायला लागले, अहो, जा की, तुमचा मुलगा आहे. गेलो. डोकं मांडीवर घेतलं. थरथरत होता बिचारा, कोट घातला अंगावर. डोळे उघडून म्हणाला, तुम्ही कोण?"

"मग?"

"सगळे ऐकत होते. म्हटलं, तुझा बाप."

"कसा आहे तो?"

"जगेल म्हणतात. आईने भाजून दिलेलं बदक त्याच्या उशाशी ठेवून आलो. आज सुगीच्या सणाचा दिवस, त्याच्यापाशी दुसरं कोणी नव्हतं."

गाडीचा दिवा दिसू लागला. बाबा रिकामी टोपली घेऊन उठले. हॅल्वरने घाईघाईने स्वेटर काढला आणि त्यांच्यापुढे धरला. बाबांनी ते लाल अक्षर पाहिलं. मग हॅल्वरची कोळशाने काळी झालेली बोटं पाहिली.

"मला नको. त्याला नेऊन दे," ते म्हणाले. "आणि माझा कोटही राहू दे त्याच्याकडेच."

ते सदऱ्यावरच डब्यात चढले, आणि फलाटावर हॅल्वर उभा होता त्या बाजूच्या खिडकीशी बसले नाहीत.